अष्टमकर: एक आडनाव परत आणताना

नाव बदलायचं म्हटलं की प्रतिज्ञापत्र, राजपत्र, आधार, पॅन, पासपोर्ट असं सगळं एकदम डोळ्यांसमोर उभं राहतं आणि आपण ते पुढच्या महिन्यावर ढकलतो. आमचं मूळ आडनाव अष्टमकर परत लावायचं काम मी वीसेक वर्षं ढकललं. ऑगस्ट २०२४ ते जुलै २०२५ या काळात ते अखेर पूर्ण झालं. कुठे अडलं, किती दिवस गेले, काय खर्च आला, ते क्रमाने लिहून ठेवतोय. आमच्या बेने इस्राएल समाजातल्या निदान पाच-सहा घरांनी मला याबद्दल विचारलंय आणि दर वेळी फोनवर अर्धवट सांगणं होतं.

आधी नावाचंच सांगतो. माझं कागदोपत्री नाव होतं अशेर डॅनियल. डॅनियल हे माझ्या वडिलांचं नाव. वडिलांचं कागदोपत्री नाव डॅनियल सॅम्युअल, कारण आजोबांचं नाव सॅम्युअल. आजोबा रेल्वेत होते, तिथल्या मस्टरवर ते सॅम्युअल आब्राहम. म्हणजे एका घरात तीन पिढ्या आणि तिघांची तीन 'आडनावं'. पप्पांच्या फ्लॅटच्या नॉमिनेशनचं काम करताना सोसायटीच्या सचिवांनी मला सरळ विचारलं होतं, "हे तुमचे सख्खे वडील ना?" त्यांचा काही दोष नव्हता. कागद बघून कुणालाही तेच वाटलं असतं.

आम्ही बेने इस्राएल. कोकण किनाऱ्यावर, आजच्या रायगड जिल्ह्यात, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे ज्यू. शब्बाथला घाणा बंद, म्हणून गावात आम्हाला 'शनिवार तेली' म्हणत. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, त्यांचे आम्ही वंशज, असं आमच्यात सांगतात. जुनी नावं बघितली की आम्ही इथे किती मुरलो ते कळतं. शमुएलचा समाजी झाला, यहेज्केलचा हसाजी, आब्राहमचा अबाजी, मोशेचा मुसाजी. आडनाव गावावरून: किहीमचे किहिमकर, दिवेआगरचे दिवेकर, चौलचे चेऊलकर. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली ज्यांनी बांधलं ते समाजी हसाजी दिवेकर. हिंदी सिनेमातले डेव्हिड सगळ्यांना माहीत आहेत, त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड आब्राहम चेऊलकर. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणाऱ्या डॉ. ई. मोझेस रोडचे मोझेस म्हणजे मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलायजा मोझेस राजपूरकर. पण पाटीवर राजपूरकर नाही, त्यामुळे तो रस्ता कुणा इंग्रजाच्या नावाचा आहे असं समजणारे मला आजही भेटतात.

आमचं शेवटचं 'कर' गेलं ते असंच. देवळात, म्हणजे आमच्या सिनेगॉगमध्ये, तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचायला बोलावतात तेव्हा मला 'अशेर बेन डॅनियल' म्हणून हाक मारतात. बेन म्हणजे मुलगा. नाव आणि वडिलांचं नाव, बस. इंग्रजी अमदानीत रेल्वे, पोस्ट, पलटण अशा नोकऱ्यांत आमची माणसं मोठ्या संख्येने गेली आणि तिथे या दोन नावांतलं दुसरं आडनावाच्या रकान्यात बसलं. गावाचं नाव लग्नपत्रिकेपुरतं आणि मयताच्या बातमीपुरतं उरलं.

त्याचा परिणाम मी शाळेपासून भोगलाय. "ख्रिश्चन ना तुम्ही?" हा प्रश्न. मग "गोव्याचे का?" आणि थोडं बोलणं झालं की कौतुकाने, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" माझी मातृभाषा मराठी आहे. माझ्या पणजीने इंग्रजीचं एक अक्षर कधी वाचलं नाही. समोरचा माणूस मनापासून कौतुक करत असतो, त्याला काय सांगणार? मी "थँक यू" म्हणायचो आणि नंतर दिवसभर ते कुठेतरी टोचत राहायचं.

८ ऑगस्ट २०२४ ला, गुरुवारी, आमचा मुलगा झाला. आठव्या दिवशी, म्हणजे १५ ऑगस्टला, सुंता विधी झाला आणि त्याचं नाव ठेवलं एझ्रा. एझ्रा बेन अशेर. खाली सोसायटीच्या आवारात झेंडावंदन चालू होतं आणि वर घरात हाझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, आशीर्वाद म्हणत होते.

जन्मनोंदीचा फॉर्म हॉस्पिटलकडूनच महापालिकेत जातो. तिथल्या ताईंनी विचारलं, "बाळाचं पूर्ण नाव? आणि हो, आता आईचं नावही येतं मधे." राज्य सरकारने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी केलेला हा बदल: आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. मी म्हणालो, "एझ्रा तमारा अशेर..." आणि थांबलो. ताईंनी पेन तसंच धरून ठेवलं. "आडनाव?" डॅनियल लिहावं तर ते त्याच्या आजोबांचं नाव. नुसतं अशेर म्हणावं तर ते वडिलांच्या जागी येऊन गेलंय. तमारा पलंगावर होती, तिथूनच म्हणाली, "अष्टमकर सांग ना." तिचं माहेर पनवेलचं, माहेरचं आडनाव पेणकर, तिच्या वडिलांनी कधी सोडलं नाही. पण माझ्या एकाही कागदावर अष्टमकर नव्हतं. मुलाचं आडनाव एक आणि बापाचं दुसरं, म्हणजे पुढे शाळेपासून पासपोर्टपर्यंत त्यालाच उत्तरं देत बसावं लागणार.

तेव्हा ताईंनी जे सांगितलं ते सगळ्या नव्या आईबापांना उपयोगी आहे. जन्माची नोंद नावाशिवाय करता येते. ती २१ दिवसांत करून टाकायची. बाळाचं नाव त्यानंतर १२ महिन्यांत विनाशुल्क भरता येतं, पुढेही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क देऊन भरता येतं. आम्ही नावाचा रकाना कोरा ठेवला आणि मी ठरवलं की एझ्राच्या पहिल्या वाढदिवसाच्या आत माझं नाव बदलायचं, मग त्याचं लिहायचं.

सुरुवात मात्र मी उलट्या टोकाने केली. मला वाटलं, अष्टमकर हे आमचंच आडनाव आहे हे आधी सिद्ध करावं लागेल. पुढे कळलं की राजपत्रासाठी असा पुरावा लागतच नाही, निदान माझ्याकडे कुणी मागितला नाही. सज्ञान माणूस आपल्याला हवं ते नाव घेऊ शकतो, फक्त प्रतिज्ञापत्रात तसं जाहीर करावं लागतं. तेव्हा तुम्हाला घाई असेल तर पुढचे चार परिच्छेद सोडून सरळ जानेवारीवर या. मला त्या शोधाचा पश्चात्ताप नाही, उलट या सगळ्यातला तो भाग मला सगळ्यात जवळचा आहे.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला रोश हशाना, म्हणजे आमचं नवीन वर्ष होतं, ज्याला आमच्या आजीच्या पिढीत 'नव्याचा सण' म्हणत. ठाण्यात टेंभी नाक्याच्या आमच्या शार हाशामाईम सिनेगॉगमध्ये, जे १८७९ सालचं आहे, प्रार्थनेनंतर मी वडीलधाऱ्यांना विचारलं. एका काकांनी सांगितलं, आधी कब्रस्तानात जा. गेलो. आजोबांच्या कबरीवर लहानपणापासून दरवर्षी जातोय, पण दगड नीट वाचला नव्हता. वर हिब्रू, खाली मराठी: सॅम्युअल आब्राहम अष्टमकर. नोकरीत, पेन्शनच्या कागदांत, रेशनकार्डावर जे नाव कुठेच नव्हतं ते पप्पांनी आणि काकांनी दगडावर कोरून घेतलं होतं. पप्पांना विचारलं तर म्हणाले, "तिथे कुणी फॉर्म देत नाही रे. आम्ही सांगितलं ते कोरलं." मग त्यांनीच आजोबांची शाळा सांगितली. आजोबा सहा वर्षांचे असताना ठाण्यात मामाकडे शिकायला आले होते. शाळेत दोनदा गेलो, दुसऱ्या खेपेला जुनं जनरल रजिस्टर निघालं. १९३६ ची नोंद, निळ्या शाईत, वळणदार बाळबोध अक्षर: शमुएल आब्राहम अष्टमकर. जात: बेने इस्राएल. जन्मस्थळ: अष्टमी, ता. रोहा. त्याचा दाखला मिळायला बारा दिवस लागले. शुल्क नव्हतं. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज, माझं आणि पप्पांचं ओळखपत्र, आजोबांचा मृत्युदाखला एवढं लागलं.

मग रोह्याला जायचं ठरवलं, पण नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. तहसील कार्यालयात फोन केला तर "मतमोजणी होऊ दे, मग या". २३ तारखेला निकाल लागले. मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रजा टाकून दिव्याहून रोह्याची मेमू पकडली. तहसीलच्या अभिलेख कक्षात गावोगावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी असतात, कोतवाल बुक म्हणतात तीच. कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला. मला वाटलं होतं महिनाभर हेलपाटे होतील, पण तिथल्या भाऊसाहेबांनी त्याच दिवशी गठ्ठा काढला. आधीच्या वर्षी कुणबी नोंदींचा शोध राज्यभर झाला, त्यात हे सगळे गठ्ठे उघडले, लावले गेले होते, मोडी वाचणारे लोकही त्यामुळे कार्यालयांच्या ओळखीचे झाले होते. एका निवृत्त गुरुजींचा नंबर मिळाला, ते दुपारी आले. त्यांनी पाचशे रुपये घेतले आणि दोन तास बसले.

१९२९ सालच्या अष्टमीच्या पानावर गुरुजींचं बोट थांबलं. त्यांनी सावकाश वाचलं, "अबाजी बिन हसाजी, इस्राएल. मुलगा." मी ते तीन वेळा वाचून घेतलं. कबरीवरचे आब्राहम म्हणजेच हे अबाजी. शेजारच्या ओळींत गावातली इतर माणसं: कुणी बिन कुणी, कुणी बिन कुणी. सिनेगॉगमध्ये मला हाक मारतात त्यातलं 'बेन' आणि मोडी दप्तरातलं 'बिन'. एक हिब्रू, दुसरं अरबीतून फारसी दप्तराच्या वाटेने मराठीत आलेलं, दोन्ही एकाच मुळाचे सख्खे शब्द. माझ्या पणजोबांना आपलं नाव सांगताना काही बदलावं लागलं नसेल. ते घरात जसं म्हणत तसंच तलाठ्याने लिहून घेतलं.

पण त्या ओळीत अष्टमकर नव्हतं. मी जरा हिरमुसलो. गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "अहो, अष्टमीत राहणाऱ्याला अष्टमकर कोण म्हणेल? गाव सोडलं की गाव नावाला लागतं." हे इतकं साधं आहे आणि मला आयुष्यभर सुचलं नव्हतं. अष्टमी सोडून ठाण्यात आलेल्या सहा वर्षांच्या शमुएलच्या नावापुढे शाळेतल्या मास्तरांनी ते पहिल्यांदा लिहिलं. संध्याकाळच्या गाडीला वेळ होता म्हणून कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमीत जाऊन आलो. कुठलं घर, कुठला घाणा, सांगणारं कुणी नाही. नदीकाठी थोडा वेळ उभा राहिलो आणि पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "फिरव जरा मोबाइल. पाणी दाखव."

जानेवारी २०२५. आता सरकारी भाग.

प्रतिज्ञापत्रासाठी कोर्ट नाक्याला गेलो. टायपिंगवाल्याने नाव विचारलं, जुनं, नवं, आणि लगेच पुढचा प्रश्न, "धर्म बदलला का?" मी नाही म्हणालो. "मग कारण काय लिहू?" तयार मजकुरात लग्न, घटस्फोट, धर्मांतर, ज्योतिष अशी कारणं होती. मी सांगितलं, "मूळ कौटुंबिक आडनाव धारण करण्यासाठी." त्याने तसं टाइप केलं. मुद्रांक पाचशेचा घ्यावा लागला, कारण ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशेचा झालाय. टायपिंगचे दीडशे, नोटरीचे तीनशे. तिथेच एका एजंटाने राजपत्राचं सगळं काम साडेतीन हजारांत करून देतो म्हणून सांगितलं. देऊ नका. शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावर घरबसल्या अर्ज होतो. खातं उघडायचं, नावातील बदल हा पर्याय निवडायचा, जुनं नाव आणि नवं नाव मराठीत आणि इंग्रजीत भरायचं, फोटो, सही आणि कागद चढवायचे, शुल्क ऑनलाइन भरायचं. मला रात्री जेवणानंतर दीड तास लागला, त्यातला निम्मा वेळ फाइलचा आकार कमी करण्यात गेला.

नऊ दिवसांनी अर्ज त्रुटी दाखवून परत आला. चूक माझी होती. प्रतिज्ञापत्रात जुनं नाव 'अशेर डॅनियल' होतं, पण मी ओळखीसाठी जोडलेल्या पॅनवर 'अशेर डॅनियल सॅम्युअल' होतं, कॉलेजात असताना कुणीतरी तसं भरून दिलेलं. दोन्ही एकच व्यक्ती कशावरून? पुन्हा मुद्रांक, पुन्हा नोटरी, पुन्हा साडेनऊशे रुपये. म्हणून अगदी कळकळीने सांगतो: प्रतिज्ञापत्र करण्याआधी घरातले सगळे कागद जमिनीवर पसरा. शाळेचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, पॅन, आधार, पासपोर्ट, बँकेचं पासबुक, मतदार ओळखपत्र. प्रत्येकावर नाव कसं लिहिलंय ते एका कागदावर उतरवा. जितके प्रकार असतील ते सगळे प्रतिज्ञापत्रात 'हे सर्व मीच' म्हणून लिहून घ्या. आपल्या समाजात जिथे नावं हिब्रूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत येतात तिथे तर हे शंभर टक्के करा. माझ्या मामाच्या तीन कागदांवर यहेज्केल, इझिकेल आणि एझेकिएल अशी तीन नावं आहेत.

याच वाट पाहण्याच्या दिवसांत ऑफिसात एक गोष्ट घडली, ती लिहिलीच पाहिजे. ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी वसईचा एक मित्र बसतो. कॅथलिक, घरची बोली सामवेदी, आडनाव पोर्तुगीज. जेवताना त्याला सांगितलं की नाव बदलतोय, आणि कारण सांगताना बोलून गेलो, "म्हणजे आता कुणी ख्रिश्चन समजणार नाही." तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, "समजलं तर काय होतं तुला?" मग जरा वेळाने, शांतपणे, "माझं पण मराठी छान आहे म्हणतात लोक. माझे पूर्वज पण इथलेच. मला परत न्यायला माझ्या आडनावात गाव नाही. मी काय करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन तमाराला सांगितलं. तिने विचारलं, "पाच वर्षांपूर्वी भाड्याने घर शोधताना त्या दोन जागा नाकारल्या गेल्या, तेव्हा अष्टमकर असतं तर मिळाली असती का?" बहुतेक मिळाली असती. ब्रोकरने तेव्हा फोनवरच सांगितलं होतं, "मालकांना आपल्यातलं कुटुंब हवंय." म्हणजे मी जे करतोय त्याचा मला फायदा होणार आणि वसईच्या मित्राला त्याच दारातून परत जावं लागणार. हे कळल्यावर मी अर्ज मागे घेतला नाही, कारण नाव माझ्या आजोबांचं आहे. पण 'कुणी ख्रिश्चन समजणार नाही' हे वाक्य मी त्यानंतर कुणालाही म्हटलं नाही, आणि मित्राची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे रे, गॅझेट आलं की पार्टी दे."

इस्राएलमधल्या दिमोनाला माझ्या आजोबांची धाकटी बहीण असते, आम्ही आत्याआजी म्हणतो. १९६० मध्ये गेली, आता पंचाऐंशीच्या पुढे आहे, मराठी अजून रोह्याचं. तिला फोनवर सांगितलं तर हसली. "तू कर लावतोस आणि इथे माझ्या नातवाला कर नकोय." तिथे कर ऐकलं की लगेच कळतं की हे भारतातले. तिने १९६२ ते ६४ चे दिवस पाहिलेत. तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या लग्नांसाठी वंशाची चौकशी लावली होती, लोक रस्त्यावर उतरले, शेवटी १९६४ मध्ये संसदेने ठराव केला की हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. "इथे आम्हाला विचारायचे, तुम्ही खरे ज्यू का? तुला विचारतात, तू खरा मराठी का?" ती म्हणाली. "नाव पूर्ण लिही. अर्धं लिहिलं की लोक उरलेलं आपल्या मनाने भरतात."

दुरुस्त अर्ज फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दिला. भाग दोनचं राजपत्र गुरुवार ते बुधवार असं साप्ताहिक निघतं. दर गुरुवारी सकाळी मी लॉगिन करून बघायचो. २७ फेब्रुवारीच्या अंकात नाव आलं. दोन ओळी. अशेर डॅनियल, मग अशेर डॅनियल अष्टमकर. आजूबाजूला शेकडो नावं: लग्नानंतरच्या मुली, शाळेत चुकलेल्या जन्मतारखा, आडनाव टाकून फक्त आईवडिलांची नावं लावणारे, जात ओळखू येऊ नये म्हणून बदललेली आडनावं. मी दोन पानं वाचत बसलो. त्या अंकाची पीडीएफ दोन-तीन ठिकाणी जतन करा आणि आपलं पान रंगीत छापून पाच-सहा प्रती ठेवा. मूळ प्रत म्हणून हीच चालते.

१४ मार्चला पुरिम हा आमचा सण होता. आमच्या जुन्या लोकांच्या तोंडी त्याचं नाव 'होळीचा सण', आणि त्या वर्षी धुळवडही त्याच दिवशी आली. सिनेगॉगमधून परतताना एझ्राच्या गालाला शेजारच्या मुलांनी गुलाल लावला होता. त्या संध्याकाळी मी आधारची वेळ नोंदवली.

आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे चूक परवडत नाही. केंद्रात पन्नास रुपये घेतले. ऑपरेटरने इंग्रजीत आडनाव टाइप केलं आणि मराठी आपोआप उमटलं: अश्तमकर. मी समोरच्या पडद्याकडे बघत होतो म्हणून दिसलं. तो म्हणाला, "चालतं हो, इंग्रजी बरोबर आहे ना." मी म्हणालो, नाही चालत. ष ला ट. त्याला कीबोर्डवर पोटफोड्या ष सापडेना, मागे रांग वाढत होती, लोक कुरकुरत होते. चार-पाच मिनिटं लागली. मी हटलो नाही. तुमच्याकडे वळवलेला पडदा नीट वाचा, दोन्ही भाषांत, आणि पावतीवरही पुन्हा वाचा. सहा दिवसांत आधार बदलून आलं.

त्यानंतर पॅन: एकशे सात रुपये, ऑनलाइन, तीन आठवडे. मतदार यादीसाठी फॉर्म ८, विनामूल्य. बँकेत मात्र दोन खेपा झाल्या, कारण त्यांच्या फॉर्ममध्ये धर्माच्या यादीत ज्यू नव्हतंच. राज्य सरकारने २०१६ मध्ये आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिलाय, पण सगळीकडे यादीत अजून आलेलो नाही. 'इतर' निवडलं. दहावीची गुणपत्रिका बदलायच्या भानगडीत मी पडलो नाही. तिला राजपत्राची प्रत जोडली की काम होतं.

पासपोर्ट शेवटी ठेवा, आधार आणि पॅन हातात आल्यावर. नव्याने जारी करण्याचं शुल्क दीड हजार. वागळे इस्टेटच्या केंद्रात मे महिन्यातली तारीख मिळाली. तिथल्या मॅडमनी राजपत्र बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "अष्टमी म्हणजे रोह्याची का? माझं माहेर नागोठणं." आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी नाव वाचून गावाचं विचारलं होतं. पोलिस पडताळणीला हवालदार आले तेव्हा पप्पांनी त्यांना चहा दिला आणि आजोबांचा शाळेचा दाखला, कुणी मागितला नसताना, कपाटातून काढून दाखवला. जूनच्या मध्यावर पासपोर्ट आला.

१८ जुलैला महापालिकेच्या जन्ममृत्यू विभागात गेलो. नाव भरायचा अर्ज, दोघांची आधार, हॉस्पिटलचा कागद. तमारा सोबत होती आणि एझ्रा तिच्या कडेवर, खिडकीची कडा धरून उभा राहायचा प्रयत्न करत. कर्मचारी टाइप करताना मोठ्याने म्हणत होते, "एझ्रा... तमारा... अशेर..." आणि माझ्याकडे बघून थांबले.

"अष्टमकर," पप्पा मागून म्हणाले. "पोटफोड्या ष."